न विचारता मिळणारी पत

मराठीत 'पत' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. पत कमवावी लागते, राखावी लागते, आणि एकदा गेली की ती परत मिळवता मिळवता आयुष्य सरते. दुकानदार ज्याला उधारी देई, शेजारी ज्याच्या शब्दावर बी-बियाण्याला पैसे देत, त्याची गावात पत आहे असे म्हटले जाई. ती विकत मिळत नाही अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. आता मात्र ती घरपोच येते. चकचकीत कार्डावर नाव उमटवलेले असते, सोबत अभिनंदनाचे पत्र असते आणि त्यात लिहिलेले असते, की आपली पतमर्यादा दोन लाख रुपये आहे. पहिलावहिला पगार घेणारा मुलगा ते पत्र आईला दाखवतो आणि त्या माउलीला वाटते, आपल्या मुलाची समाजातील पत वाढली.

आम्हांला तसे वाटत नाही. त्या पत्राने मुलाची पत वाढलेली नाही, फक्त त्याच्यापुढे कर्जाचे एक दार उघडले आहे. दार उघडे असणे वाईट नव्हे. ते कोठे जाते हे न सांगता उघडे ठेवणे वाईट. क्रेडिट कार्ड हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातील अनामत, परदेशातील मुलांचा प्रवास, अशा अनेक ठिकाणी ते उपयोगी पडते. परंतु 'कार्ड जबाबदारीने वापरा' हे वाक्य आज जाहिरातीच्या तळाशी बारीक टाइपात छापले जाते आणि तेवढ्याने देणाऱ्याची जबाबदारी संपली असे मानले जाते. त्या वाक्याला खरा अर्थ कसा येईल, हा आमचा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे, की जे कर्ज देताना कोणी काही विचारत नाही, ते बहुधा सर्वांत महाग असते. आणि देणाऱ्याने न विचारलेले प्रश्न मग घेणाऱ्याच्या घरातच विचारले गेले पाहिजेत.

पतपेढीचे तीन प्रश्न

कर्जाच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव लहान नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्या दंग्यांचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते कागद हाती लागले की जाळले जात. आपण नेमके किती देणे आहोत, ते वाढले कसे आणि संपणार केव्हा, हे त्या कागदांवरून त्यांना कधीच समजले नव्हते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कणगिनहाळ या खेड्यात पहिल्या शेतकी पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी जी पतसंस्था स्थापन केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक होय. धर्मगुरूने पतसंस्था काढावी, यात त्या पिढीला काही विसंगत वाटले नाही. कर्जापायी घर बुडते तेव्हा केवळ पैसा बुडत नाही, हे ती पिढी डोळ्यांनी पाहत होती.

या पतपेढ्यांची रीत आठवून पाहा. कर्ज मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारले जात. पैसे कशासाठी हवेत? फेडणार कशातून? तुमच्यासाठी जामीन कोण राहील? आज हे प्रश्न आपल्याला अपमानकारक वाटतात. परंतु त्या प्रश्नांमागे एक गोष्ट गृहीत होती: कर्ज देणाऱ्याला कर्ज घेणाऱ्याचे बुडणे परवडणारे नव्हते. विहिरीसाठी कर्ज मागितले तर विहिरीला पाणी लागेल काय, याची चिंता समितीलाही असे. कारण त्या समितीतले लोक त्याच गावचे असत आणि बुडालेला पैसाही त्याच गावचा असे.

आता क्रेडिट कार्डाचा उगम पाहा. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'डायनर्स क्लब'चे कार्ड निघाले. ते मुख्यतः उपाहारगृहांतील बिलांसाठी होते आणि महिनाअखेर संपूर्ण रक्कम भरावी लागे. खरा बदल १९५८ साली झाला. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६० हजार लोकांच्या घरी टपालाने कार्डे पाठवली. कोणी अर्ज केलेला नव्हता, कोणाला विचारलेले नव्हते. या कार्डाचे वैशिष्ट्य असे, की महिनाअखेर सगळे पैसे फेडण्याची सक्ती नव्हती. थोडे भरावे, उरलेले व्याजासह पुढे न्यावे. तेच कार्ड पुढे 'व्हिसा' या नावाने जगभर गेले. भारतात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले, आणि २०२४ च्या आरंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली. पूर्वी कार्ड मोठ्या दुकानांपुरते असे. आता नाक्यावरच्या किराणा दुकानातील कोथिंबीरही उधारीवर घेता येते, आणि ती उधारी आहे हे कोथिंबीर घेणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत न मागता कार्ड देण्यास मनाई केली आहे. तसे कार्ड देऊन बिल लावलेच, तर ती आकारणी रद्द करून तिच्या दुप्पट रक्कम दंडादाखल ग्राहकाला द्यावी लागते. ही मनाई स्वागतार्हच आहे. परंतु पतपेढीच्या पहिल्या प्रश्नाला तिथे अजूनही जागा नाही. बँक पगाराचा दाखला पाहते, सिबिलचा गुणांक पाहते. म्हणजे आपल्याकडून वसुली होईल की नाही, हे ती तपासते. पैसे कशासाठी हवेत, याच्याशी तिला कर्तव्य नाही. औषधासाठी घेतलेले दहा हजार आणि चैनीसाठी घेतलेले दहा हजार तिच्या वहीत सारखेच असतात.

किमान रकमेची गोम

कार्डाच्या बिलावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक असतो एकूण देय रक्कम आणि दुसरा किमान देय रक्कम. दुसरा आकडा लहान, म्हणून मनाला गोड वाटतो. एक लाखाच्या बिलावर पाच हजारांच्या आसपास भरले की महिना निभावतो, विलंब शुल्क लागत नाही, कोणाचा फोन येत नाही. बहुतेकांना वाटते, ही बँकेने दिलेली सवलत आहे. आमच्या मते ती सवलत नसून तोच तिथला विकाऊ माल आहे.

हिशेब करून पाहू. अनेक कार्डांवर व्याजाचा दर दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असतो. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. एक लाख रुपये देणे आहे, दर साडेतीन टक्के आहे, नवी खरेदी एका पैशाचीही नाही, आणि कार्डधारक दरमहा त्या वेळच्या एकूण रकमेच्या पाच टक्के इतकी किमान रक्कम नेमाने भरतो, असे धरू. पहिल्या महिन्यात व्याज ३,५०० आणि कर ६३० रुपये; देणे १,०४,१३० होते. त्याने भरले सुमारे ५,२०० रुपये. मुद्दल किती फिटले? जेमतेम अकराशे रुपये. याच गतीने वर्षभरात तो सुमारे ५९ हजार रुपये भरतो आणि वर्षाअखेर त्याच्या डोक्यावर जवळजवळ ८८ हजार रुपये शिल्लक असतात. देणे निम्म्यावर यायला पाच वर्षे चार महिने लागतात. तोवर त्याने सुमारे दोन लाख ४० हजार रुपये भरलेले असतात आणि ५० हजार अद्याप बाकीच असतात. या मनुष्याने एकही हप्ता चुकवलेला नाही. बँकेच्या दृष्टीने तो आदर्श ग्राहक आहे.

याच मनुष्याने दरमहा ठरवून दहा हजार भरले, तर चौदाव्या महिन्यात तो मोकळा होतो आणि एकूण सुमारे एक लाख ३२ हजारांत सुटतो. फरक केवळ हप्त्याच्या आकड्याचा आहे. परंतु तो मोठा आकडा बिलावर कोणी छापत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. खरेदीनंतर ४५-५० दिवसांपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदत, बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. थोडी रक्कम जरी मागे ठेवली, तरी उरलेल्या रकमेवर व्याज लागते ते देय तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या दिवसापासून. आणि त्यानंतरच्या नव्या खरेदीलाही ती मुदत मिळत नाही. कार्ड घालून यंत्रातून रोख पैसे काढले, तर तेथे मुदतीचा प्रश्नच नाही: व्याज पहिल्या दिवसापासून, आणि काढण्याचे शुल्क निराळे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने केली आहे. इशारा छापला जातो. तो किती घरांत वाचला जातो?

या दराची तुलना आम्ही दुसऱ्या एका दराशी करू इच्छितो. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाखाली ठरवलेल्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकाराला शेतीखेरीज अन्य कामासाठी दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. गावातला सावकार १८ वर थांबतो. न थांबला तर गुन्हेगार ठरतो. कार्डाचे ४२ टक्के मात्र कायदेशीर आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य आहे. परंतु कायद्याने जे चालते ते घराला परवडतेच असे नाही. आपल्याकडे जुन्या काळी 'दामदुपट' नावाचा एक दंडक होता: व्याज कितीही थकले, तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. वरच्या हिशेबातील मनुष्य व्याज आणि करापोटी मुद्दलाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम भरून बसला आहे, आणि त्याला थांबा म्हणणारा कोणताही दंडक नाही.

ख्रिस्तसभेनेही हा प्रश्न शतकानुशतके हाताळला आहे. १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गोरगरिबांसाठी तारणावर अल्प रकमेची कर्जे देणारी पेढी उघडली गेली. ती चालवायला खर्च येई. तो कर्जदाराकडून घ्यावा की नाही यावर मोठा वाद झाला. १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने निर्णय दिला, की पेढीच्या खर्चापुरती माफक आकारणी रास्त आहे, त्यातून नफा मात्र काढू नये. आजच्या बँकेने नफा काढू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु कर्जाच्या किमतीला काही माप असावे आणि ते माप कर्जदाराच्या गरजेकडे पाहून ठरावे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

काही आक्षेप

आम्हांला सांगितले जाते, 'आम्ही पूर्ण बिल वेळेवर भरतो. आम्हांला हा उपदेश कशाला?' उत्तम. आपण भरत असाल तर आपल्याला व्याजाचा पैसाही लागत नाही. परंतु अमेरिकेतील या धंद्यात अशा ग्राहकाला काय म्हणतात ते ठाऊक आहे? 'डेडबीट'. इतरत्र या शब्दाचा अर्थ देणे बुडवणारा असा होतो. त्या धंद्यात मात्र वेळेवर सगळे देणे फेडणाऱ्याला तो लावला गेला. ज्या व्यवसायात प्रामाणिक माणसासाठी बुडव्याचा शब्द वापरला जातो, त्याची मिळकत कोणाकडून होते हे निराळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप सवलतींचा. कार्डावर पॉइंट मिळतात, पैसे परत मिळतात, मग ते का सोडावे? प्रश्न वाजवी आहे. पण ते पैसे आकाशातून पडत नाहीत. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराला साधारण दीड ते अडीच टक्के द्यावे लागतात, आणि दुकानदार ते मालाच्या किमतीत धरतो. म्हणजे रोखीने साखर घेणारी मोलकरीणही कार्डवाल्याच्या पॉइंटांचा भार थोडाफार उचलते. शिवाय हात सैल होतो तो वेगळाच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी काहींना रोखीने आणि काहींना कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगून बोली लावायला लावली. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. एक टक्का परत मिळवण्यासाठी दुप्पट खर्च करणाऱ्याला काटकसरी म्हणावे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 'मध्यरात्री आईला इस्पितळात न्यावे लागले, तर पतपेढीची समिती बसेपर्यंत थांबायचे काय?' नाही, थांबू नये. कार्ड हाताशी असेल तर ते वापरावे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रकमेची सोय दुसरीकडून लावायला घ्यावी. संकटात कार्ड पूल म्हणून चालते. पुलावर बिऱ्हाड थाटता येत नाही.

याच आक्षेपातून आपल्या समाजावरही एक ठपका येतो. तरुण कार्डाकडे का वळतात? तेथे पैसे लगेच मिळतात आणि मान खाली घालावी लागत नाही. आपल्या पतपेढ्यांतील विचारणा पुष्कळदा चौकशी झाली, आणि चौकशीची चर्चा विहिरीवर पोचली. ज्याला पाच-पन्नास हजारांची खरी निकड आहे, त्याला दोन जामीनदारांच्या सह्यांसाठी आठ दिवस दारोदार फिरावे लागत असेल, तर तो फिरणार नाही. खिशातले कार्ड काढील. आमच्या सहकारी संस्थांनी आजारपण, शाळेची फी, घराची डागडुजी अशा कारणांसाठी लहान कर्ज दोन दिवसांत आणि कोणाला कळू न देता मिळण्याची सोय केली, तर तरुणांना दिलेल्या दहा व्याख्यानांहून तिचा उपयोग अधिक होईल.

आणि आमच्या कुटुंबांनाही एक प्रश्न आहे. साखरपुडा, लग्न, प्रथम ख्रिस्तप्रसाद, वाढदिवस यांचे थाट वर्षागणिक वाढत आहेत. कर्जावर घातलेल्या मांडवाचे कौतुक कोण करतो? आपणच करतो. पाहुणे जेवून घरी जातात आणि मांडव चौथ्या दिवशी उतरतो. हप्ते मात्र पहिले मूल चालू लागेपर्यंत उतरत नाहीत. साधे लग्न करणाऱ्याला जोवर आपण मनातल्या मनात कंजूष म्हणतो, तोवर कार्डाला दोष देण्याचा आपला अधिकार अर्धाच आहे.

घराने काय करावे

मग जबाबदारीने वापरणे म्हणजे काय? पतपेढीने जे विचारले असते, ते घराने विचारणे.

पैसे कशासाठी? जी वस्तू बचत खात्यातील शिल्लक पैशांतून आज घेता आली असती, तीच कार्डावर घ्यावी. पतमर्यादा ही मिळकत नव्हे. बँकेने दोन लाखांची मर्यादा दिली, तरी ती कमी करून घेण्याचा अधिकार आपला आहे; ती महिन्याच्या पगाराच्या निम्म्यावर आणून ठेवावी. एका घरात एक कार्ड पुरे.

फेडणार कशातून? बिल आपोआप खात्यातून वळते करण्याची सूचना बँकेला द्यावी, आणि ती देताना 'संपूर्ण रक्कम' हाच पर्याय निवडावा. अनेकांनी अजाणता 'किमान रक्कम' निवडलेली असते आणि आपले बिल वेळेवर जाते या समाधानात ते वर्षभर व्याज भरतात. कार्डाने रोख रक्कम कधीही काढू नये.

जामीन कोण? घरातील माणसे. पतीचे बिल पत्नीला आणि पत्नीचे पतीला दर महिन्याला दिसले पाहिजे. मिळवत्या मुलाने ते आईवडिलांना दाखवण्यात कमीपणा मानू नये. लपवलेले कर्ज व्याजाहून वेगाने वाढते, कारण ते झाकण्यासाठी दुसरे कार्ड घ्यावे लागते.

जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. प्रथम कार्डाचा वापर थांबवा. घरात सांगा. पतपेढीकडून किंवा बँकेकडून व्यक्तिगत कर्ज मिळत असेल, तर त्याचा दर बहुधा कार्डाच्या निम्म्याहून कमी असतो. ते घेऊन कार्डाचे देणे एकदम फेडा आणि पुढे ठरलेला हप्ता भरा. देणे संपल्यावर कार्ड बंद करण्यास सांगा. देणे काही नसेल, तर सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद करावे आणि न केल्यास दर दिवसाला पाचशे रुपये आपल्याला द्यावेत, असा नियम आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी किंवा सायंकाळी सातनंतर फोन करण्याची परवानगी नाही, नातेवाइकांपुढे बेअब्रू करण्याची तर मुळीच नाही. बँकेने तक्रारीची दखल तीस दिवसांत घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कर्ज झाले म्हणून कोणी माणूस म्हणून कमी ठरत नाही. तसे वागवणाऱ्याला ठणकावून सांगण्याचा हक्क कर्जदारालाही आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. आपल्या मुलांना वाचता येते, इंग्रजीही येते, व्याजाचे गणित तर त्यांनी शाळेतच सोडवले आहे. तेव्हा या महिन्याचे बिल आले की रात्री जेवणानंतर ते सर्वांसमक्ष उघडावे, किमान रकमेच्या आकड्यावर बोट ठेवून खालचा इशारा मोठ्याने वाचावा, आणि मग ठरवावे. ज्या घरात हे घडेल, त्या घराची पत कोणत्याही बँकेच्या पत्राची वाट पाहणार नाही.